बाहेरून कोण आलं यापेक्षा गावातून कोण गेलं ते आधी बघा: सीमाभागातलं मतदान आणि स्थलांतर

प्रश्न विचारणारे मूळचे खानापूर तालुक्यातले आहेत, आठ-नऊ वर्षं पुण्यात नोकरीला. त्यांनी विचारलंय की "बेळगाव, खानापूर, निपाणी भागात परराज्यातली माणसं येऊन राहिली म्हणून मराठी मतदान घटलं असं आमच्याकडं सगळे म्हणतात, हे खरं आहे का? आणि माझं नाव गावच्या यादीत ठेवू की पुण्यात नेऊ? बहिणीचं लग्न चंदगड तालुक्यात झालंय, तिच्या नावाचं काय करायचं?"

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आता रिटायर झालोय. नोकरीतली बरीच वर्षं बीएलओचं काम केलं, आधी खानापूर तालुक्यातल्या एका गावात आणि नंतर बेळगावला चिकटलेल्या एका गावात. बीएलओ म्हणजे एका बूथची मतदार यादी घेऊन घरोघरी फिरणारा माणूस. कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण अठराचं झालं, कोण भाड्यानं राहायला आलं हे सगळं त्याच्या वहीत असतं. त्यामुळे मी जे सांगतोय ते कुठल्या पक्षाच्या बाजूनं नाही, यादीच्या बाजूनं सांगतोय.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळलेत ते आधी सुटे करूया. गावात राहतं कोण हा एक, यादीत नाव कुणाचं आहे हा दुसरा, आणि मतदानाच्या दिवशी बूथवर कोण येतं हा तिसरा. माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की पहिला आकडा त्याच दिवशी बदलतो, दुसरा कधीकधी दहा वर्षं बदलत नाही, आणि निकाल लागतो तो तिसऱ्या आकड्यावर. लोक पहिल्या आकड्याकडं बघून तिसऱ्याबद्दल बोलतात, "बघा किती बाहेरचे आलेत" म्हणतात, पण त्या बाहेरच्यांपैकी निम्म्यांचं नाव तरी इथल्या यादीत आहे का हे कुणी बघत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपले किती गेले हे कुणी मोजतच नाही.

मी पहिल्यांदा वही हातात घेतली तेव्हा मलाही वाटायचं की नवीन नावं लिहिणं हेच खरं काम. दोन-तीन वर्षांत कळलं की खरं काम जुन्या नावांचं आहे. खानापूर तालुक्याची परिस्थिती तुम्हाला मी सांगायला नको, पाऊस भरपूर, जंगल भरपूर, भाताचं एक पीक आणि मग हाताला काम नाही. पोरं चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटानं गोव्यात उतरतात, बाकीची पुणे-मुंबई. एकेका घरात यादीवर सहा नावं आणि चुलीपाशी दोन म्हातारी माणसं, अशी घरं मी कितीतरी बघितलीत. नियमानं मी विचारायचो की मुलगा कायमचा तिकडं गेलाय का, नाव हलवायचं का, तर आई म्हणायची "नको काढू मास्तर, येणार आहे की तो." त्या बाईला मी काय सांगणार. तिच्या दृष्टीनं यादीतलं नाव म्हणजे पोरगा अजून या घरचा आहे याचा पुरावा, आणि आपल्या भागात त्याला आणखी एक अर्थ आहेच, मराठी नाव यादीतून गेलं की काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटतं माणसांना. ती भावना खोटी नाही, मी स्वतः त्याच मातीतला आहे. पण यादीत नाव आहे आणि माणूस वास्कोत आहे, तर ते नाव मत देत नाही.

याचा निकालावर काय परिणाम होतो ते साध्या हिशेबानं बघा. समजा एका बूथवर हजार नावं आहेत, त्यातले तीनशे बाहेर. उरलेले सातशे. आता हे तीनशे कोण आहेत? बहुतेक वीस ते चाळीस वयाचे, बहुतेक पुरुष, आणि आपल्याकडं ज्या गावांत शेती कमी त्या गावांतले, म्हणजे पुन्हा बहुतेक मराठीच. म्हणजे जे गेलेत ते गावाचा सारखा कापलेला तुकडा नाहीत, एकाच बाजूचा तुकडा गेलाय. मागं उरले ते म्हातारे, बायका आणि ज्यांची नोकरी-धंदा इथंच आहे ते. त्यांचे प्रश्न पेन्शन, रेशन, रस्ता, दवाखाना हे, आणि ते ज्याच्याकडून मिळेल असं वाटतं तिकडं त्यांचं मत झुकतं. बाहेरून एक माणूस सुद्धा न येता त्या बूथचं मतदान बदललेलं असतं.

हे मी अंदाजानं म्हणत नाही, एकदा उलटं होताना डोळ्यांनी बघितलंय. २०२० साली लॉकडाऊन पडला आणि सगळी पोरं गावात आली. त्याच वर्षी डिसेंबरात, २२ आणि २७ तारखेला दोन टप्प्यांत, कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या. यादी तीच होती, माणसं मात्र घरात होती, काही अजून परतलीच नव्हती आणि काही घरून काम करत होती. आमच्याकडं त्या निवडणुकीचं वातावरणच वेगळं होतं, जी नावं मी वर्षानुवर्षं "गैरहजर" म्हणून लिहायचो ती चालत बूथवर आली, काहींनी तर फॉर्म भरून उमेदवारी केली, गल्लीतल्या ठरलेल्या पंचांना पहिल्यांदाच कुणीतरी हिशेब विचारला. पुढच्या विधानसभेला, १० मे २०२३ ला, तीच पोरं परत पुण्यात आणि गोव्यात. म्हणून मी म्हणतो की स्थलांतराचा परिणाम बघायचा असेल तर आधी रिकाम्या खोल्या मोजा.

आता येणाऱ्यांकडं येऊया, कारण तुमचा मूळ प्रश्न तो आहे. परराज्यातून येणारी सगळी माणसं एकसारखी नसतात.

सगळ्यात मोठा लोंढा कुठला माहितीय? सुनांचा. हसण्यावारी नेऊ नका. २०११ च्या जनगणनेत देशभरात जन्मगाव नाहीतर आधीचं गाव सोडलेले सुमारे ४५ कोटी लोक मोजले गेले, त्यात राज्य ओलांडलेले साधारण साडेपाच कोटी, म्हणजे आठात एक सुद्धा नीट भरत नाही, आणि बायकांच्या बाबतीत गाव सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण लग्न. आपल्याकडं महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, आजरा इकडच्या मुली बेळगाव-खानापुरात येतात आणि इकडच्या तिकडं जातात, रोटीबेटीचा व्यवहार १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रेघ पडली म्हणून काही थांबला नाही. आता गंमत नाही तर अडचण अशी होते की मुलीचं माहेरचं नाव माहेरच्या यादीत तसंच राहतं, आणि सासरी आल्यावर कुणीतरी तिचा नवीन मतदार म्हणून फॉर्म ६ भरतं, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, नवीन फोटो. इकडं कन्नडमध्ये टाईप होताना स्पेलिंग आणखी बदलतं. मग सारखी नावं आणि सारखे फोटो शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ती दोन वेगळ्या बायका वाटतात. दोन्हीकडं नाव असलेल्यांत फसवायच्या हेतूनं केलेले फार कमी असतात, मला भेटलेल्या बहुतेक बायकांना माहेरचं नाव अजून आहे हेच माहीत नव्हतं.

ही सून मतदानाचा कल बदलते का? माझा अनुभव असा की पहिली एक निवडणूक ती घरचे सांगतील तसं किंवा घरच्यांबरोबर जाऊन देते, पण पुढं बचत गट, शाळा, अंगणवाडी यांतून तिची स्वतःची माहिती तयार होते आणि मग तिचं मत ती माहेरी कुठल्या पक्षाचं ऐकत वाढली यावर कमी आणि इथं तिला काय मिळतंय यावर जास्त ठरतं. माहेरी जे पक्ष होते त्यातले कितीतरी इथं मतपत्रिकेवर नसतातच, त्यामुळे माहेरचं मत तसंच्या तसं आणायची सोयच नाही.

दुसरे कामगार. उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्री आणि मशीनिंगचे कारखाने आहेत, तिथं उत्तरेकडची मुलं मोठ्या संख्येनं आहेत. ती खोलीत चौघं-चौघं राहतात, घरमालक भाडेकरार करून देत नाही, नाव गावाकडच्या यादीत, आणि मतदानाला जमलं तर गावी जातात, नाहीतर कुठंच मत देत नाहीत. मी अशा खोल्यांवर जाऊन विचारायचो तर बहुतेक जण सांगायचे की साहेब आमचं तिकडं आहे. त्यातला कुणी बायको आणतो, मूल शाळेत घालतो, प्लॉट घेतो, तेव्हा कुठं तो फॉर्म भरतो, आणि तोपर्यंत तो इथला झालेला असतो. म्हणजे ज्यांच्याकडं बोट दाखवलं जातं त्यांचं प्रत्यक्ष मत अजून आलेलंच नसतं.

बाकीचे पटकन सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात आहे, जवान पुष्कळ दिसतात, पण ते बहुतेक आपल्या मूळ गावचे सर्व्हिस व्होटर असतात, मतपत्रिका त्यांना त्या गावच्या मतदारसंघाची येते. बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांचं नाव इथं लागत नाही, त्यांच्यामुळे फरक पडतो तो त्यांच्याच गावात, २०२४ च्या २० नोव्हेंबरला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं ते नेमकं हंगामाच्या तोंडावर. निपाणीतून कागलच्या एमआयडीसीत रोज जाऊन येणारे, बेळगावातून शिनोळीला जाणारे, यांनी राज्याची हद्द रोज ओलांडली तरी रात्री झोपतात घरात, त्यांचा मताशी काही संबंध नाही.

आणि आता जे लोक "बाहेरचे" म्हणून मोजतात पण जे परराज्यातले नाहीतच, ते. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडून नोकरीनिमित्त, मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावात आलेली कुटुंबं. महांतेशनगर, रामतीर्थनगर, कणबर्गीकडच्या वसाहती कशा भरल्या ते बेळगावकरांना माहीत आहे. मच्छे, पिरनवाडी, हिंडलगा, कंग्राळी अशा गावांत शेतं बिनशेती झाली, प्लॉट पडले, घरं झाली. हे लोक घर बांधतात, लाईट बिल त्यांच्या नावावर येतं, वर्षा-दोन वर्षांत पूर्ण कुटुंबाचं नाव यादीत लागतं आणि ते मतदानाला येतात सुद्धा. यादी खरी बदलते ती इथं. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या पूर्वेकडून पश्चिमेकडं झालेली ही हालचाल आहे, राज्य ओलांडून आलेली नाही, आणि ही माणसं कायद्यानं आणि माणुसकीनं सुद्धा पूर्ण हक्कानं आलेली आहेत. त्यांच्याशी भांडून यादी सुधारत नाही.

ग्रामपंचायतीत हे सगळ्यात आधी दिसतं. वॉर्डात चार-पाचशे मतं असतात, पन्नास नवीन घरं झाली की सदस्य बदलतो. विधानसभेला दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात. लोकसभेला एवढ्या मोठ्या मतदारसंघात ते बुडूनच जातं, पण निवडणूक अटीतटीची झाली तर मात्र नाही. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत विजयाचं अंतर पाच हजारांच्या आसपास होतं आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या, म्हणजे हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या समितीच्या, उमेदवाराला एक लाखाच्या वर मतं होती, अशा वेळी घाट उतरून गेलेली दोन-चार हजार पोरं घरी असती तर काय, हा प्रश्न विचारायला जागा आहे.

पण थांबा, इथंच मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण "मराठी मतदान घटलं" हे वाक्य स्थलांतरावर ढकललं की आपण बाकीची कारणं बघायचं सोडतो. २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली. उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ गेले, बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण असे नवीन झाले. कुणी घर बदललं नाही, गाव बदललं नाही, तरी शेजारच्या दोन गावांतली माणसं वेगवेगळ्या मतदारसंघात गेली. त्या वर्षी समितीला एकही जागा नाही. २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन आल्या, म्हणजे मराठी माणूस पाच वर्षांत गेला आणि परत आला असं नाही ना, एकी झाली की जागा येतात. २०१८ ला खानापुरात समितीतच गट पडले, मतं वाटली गेली, जागा गेली, आणि २०२३ ला पुन्हा एकही नाही. शिवाय राष्ट्रीय पक्षांनी मराठी उमेदवार द्यायला सुरुवात केली, आणि मराठी बोलणाऱ्या तरुणाचं मत समितीऐवजी तिकडं जाऊ लागलं. तो घरातच होता, यादीतच होता, बूथवर पण आला, फक्त बटण वेगळं दाबलं. २०२१ ला महापालिकेच्या ५८ जागांची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर झाली आणि ३५ जागा भाजपला गेल्या, त्यात मराठी आडनावांचे नगरसेवक किती ते तुम्हीच यादी काढून बघा.

तेव्हा इथवरचा माझा हिशेब असा आहे की परराज्यातून येणाऱ्यांचा थेट परिणाम सगळ्यात कमी, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हललेल्यांचा जास्त, आपल्या गेलेल्यांचा त्याहून जास्त, आणि या सगळ्यांच्या वर मतदारसंघाची रेघ आणि आपसातली फाटाफूट. हा क्रम खानापूर आणि बेळगाव ग्रामीणला मी ठामपणे सांगेन. बेळगाव शहरात येणाऱ्यांचं वजन थोडं वाढेल. निपाणीत तंबाखूचा पट्टा, ऊस, कारखाने, तिथली गटबाजी याचं गणित वेगळं आहे, तिथं माझं काम झालेलं नाही म्हणून तिथल्या माणसानं सांगितलेलं जास्त धरा.

तारखेचा पण मोठा हात असतो, याकडं फार कमी लोक बघतात. २०२४ च्या लोकसभेला बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर, हातकणंगले आणि गोव्याच्या दोन्ही जागा यांचं मतदान एकाच दिवशी, ७ मे ला होतं. ज्याचं नाव दोन्हीकडं राहिलंय त्याला एकच जागा निवडावी लागली. पुण्याचं मतदान १३ मे ला आणि मुंबईचं २० मे ला. म्हणजे पुण्यातल्या माणसाला गावी मत द्यायला तिथं कामाच्या दिवशी रजा काढून यावं लागलं. कायद्यानं मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मतदाराला मिळते, कंपनी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी, पण महाराष्ट्रातल्या सुपरवायझरला कर्नाटकातल्या मतदानाची सुट्टी मागायला किती मुलं धजावतात? बाहेर राहून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं २०२२ च्या शेवटी एक मशीन पुढं आणलं होतं, एका मशीनवर ७२ मतदारसंघांपर्यंत, पण पक्षांचा विरोध झाला आणि ते अजून प्रत्यक्षात आलेलं नाही. तोवर माणसालाच बसमध्ये बसून यावं लागणार.

आता तुमच्या नावाचं. कायदा सांगतो की तुमचा नेहमीचा रहिवास जिथं आहे तिथं नाव पाहिजे, आणि एकाच ठिकाणी पाहिजे. गावात फक्त घर आहे, एवढ्यावर रहिवास धरला जात नाही. पण तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून तो संपत पण नाही. तेव्हा स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: बायको-मुलं कुठं आहेत, वर्षातले बहुतेक दिवस कुठं झोपता, परत यायचं खरंच ठरलंय का. हंगामापुरता गेलेला गवंडी, सहा महिने गोव्यात आणि सहा महिने शेतात असलेला माणूस यांचं नाव गावात असणं योग्यच आहे. हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्याला घर किंवा हॉस्टेल यातलं एक निवडता येतं. पण तुम्ही आठ-नऊ वर्षं पुण्यात आहात, संसार तिथं असेल तर नाव तिथं न्या. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, गावची यादी बारीक होताना मी बघितलीय, तरी जिथं पाणी, कचरा, मुलांची शाळा तुमची आहे तिथला नगरसेवक तुम्ही निवडू शकत नसाल तर दोन्हीकडून तुमचा आवाज गेला.

काम कसं करायचं तर नवीन मतदार म्हणून फॉर्म ६ भरू नका, फॉर्म ८ भरा. २०२२ पासून पत्ता बदलणं, अगदी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सुद्धा, त्याच फॉर्मवर होतं. जुन्या कार्डाचा नंबर टाका म्हणजे जुनं नाव निघायची वाट मोकळी होते. फॉर्म ६ मध्ये "माझं नाव दुसरीकडं नाही" असं तुम्ही सही करून लिहून देता, ते जाणूनबुजून खोटं लिहिणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पत्त्याला आधार, बँक पासबुक, लाईट किंवा गॅसचं बिल, रजिस्टर्ड भाडेकरार यातलं काही चालतं, काहीच नसेल तर बीएलओ घरी येऊन बघतो, म्हणून घरमालक कागद देत नाही एवढ्यावर थांबू नका.

बहिणीचं पण फॉर्म ८ नंच करा, चंदगडमधून. लाडकी बहीणसारख्या योजनांसाठी परराज्यात जन्मलेल्या सुनेला नवऱ्याची कागदपत्रं चालतात, आणि इकडं कर्नाटकात बायकांना पैसे देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेसाठी रेशन कार्ड बघतात, त्यामुळे "माहेरचं नाव काढलं तर पैसे बंद होतील" ही भीती तिच्या मनात असेल तर काढून टाका.

एक गोष्ट मात्र नक्की करा आणि गावातल्या इतरांना पण सांगा. बिहारमध्ये २०२५ ला यादीची विशेष तपासणी झाली तेव्हा मसुदा यादीत ६५ लाख नावं नव्हती, त्यात गाव सोडून गेलेल्यांचा गट सगळ्यात मोठा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशी तपासणी गोव्यात पण सुरू झाली. आपल्या तालुक्यातली कितीतरी माणसं मडगाव-वास्कोत आहेत आणि नाव ना धड इकडं ना धड तिकडं. ज्याला गावात नाव ठेवायचंय त्यानं तपासणीच्या वेळी घरात सापडलं पाहिजे, नाहीतर निदान घरच्यांकडं त्याचा फोन नंबर आणि कागदाच्या झेरॉक्स असल्या पाहिजेत. बीएलओ दोनदा-तीनदा येतो, दार बंद दिसलं तर तो "गैरहजर" लिहितो, त्याच्याकडं दुसरा कॉलम नसतो.

पुण्यात फॉर्म ८ भरलात की पावतीचा नंबर जपून ठेवा, आणि गणपतीला गावी याल तेव्हा तुमच्या बूथच्या बीएलओला भेटून जुनं नाव निघालं का ते यादीत बघून घ्या. आईसमोर बघा. तिला आधी समजावून सांगा, नाहीतर पुढच्या वेळी तो मास्तर दारात आला की ती त्यालाच म्हणेल, माझ्या पोराचं नाव कुणी काढलं.